गार्डबाई काहून चावते

रायपूर
२ सप्टेंबर २०२४

ती. गोदाताईंना विनोदिनीचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावर आधी ‘सौ.’ लिहून, मग खोडून ‘गं. भा.’ केलेलं दिसलं. मनाला लावून घेऊ नका. मलाही अजून दाराची बेल वाजली की ‘अहो, बघता का’ असं तोंडात येतं. माघात हे गेले, आता भाद्रपद लागेल, तरी तोंडाची सवय जात नाही.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रं लिहायचं ठरवलं, ते बरं झालं. निरंजन पुण्याहून रोज फोन करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी हो म्हणते, तो बरं म्हणतो, आणि पुढे दोघांनाही काही सुचत नाही. कागदावर मी त्यापेक्षा जास्त बोलते.

दिवस कसा जातो, असं विचारलंत. जातो. सकाळ कामात जाते. दुपारी वाचत बसते. सातवीत शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं, पुस्तकांशी आपला संबंध संपला. यांचा पेपर वाचून झाला की तो माझ्याकडे यायचा, त्यातून वाचायची गोडी लागली. आता इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातलं कपाट पाठ झालं आहे. पण मोठ्याने वाचायला, ‘हे ऐका’ म्हणायला कोणी नाही. कधी कधी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला जाते आणि घसा बसलेला असतो. सकाळपासून वापरलेलाच नसतो ना.

आज मुद्दाम लिहायचं कारण आमची गार्डबाई. तुम्ही इथे होतात तेव्हा तिला पाहिलंच आहे. राखी रंगाची, पांढऱ्या पंजांची. घरातले सगळे आत आले की शेवटी ही यायची, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो तशी, म्हणून यांनी ते नाव ठेवलं. रेल्वेच्या माणसाला दुसरं काय सुचणार.

ताई, ती मला चावते. स्वतःहून मांडीवर येते, उलटी होऊन पोट दाखवते, घुरघुरते. मी हात फिरवला की थोडा वेळ डोळे मिटून पडते, आणि मग एकदम चारी पायांनी माझा हात पकडून दात लावते. यांच्या खुर्चीत बसलेली असली तर तेवढंही नाही. हात लागताच चावा. यांना कधी चावली नाही. मला पूर्वी नाही चावली.

शेजारच्या बाबारावांची सून पिंकी म्हणते, “आंटी, ये आपसे नाराज है. अंकल को ढूँढ रही है.” पोरीला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीतच. तिने गमतीत म्हटलं. माझ्या मात्र मनात राहिलं. या घरात यांना ओळखणारं माझ्याखेरीज एवढं एकच आहे. त्यालाही मी नको झाले असेन तर काय करावं?

तुमची
विनोदिनी


अमरावती
९ सप्टेंबर २०२४

गं. भा. विनोदिनीवहिनीस,

पत्र मिळालं. लगेच लिहायला बसले आहे. इथे घर कसं गजबजलेलं असतं तुला माहीत आहे. यशोधन, ऋता, ईरा, ईराच्या क्लासच्या मैत्रिणी. मला पाठ टेकायला फुरसत मिळत नाही. तरी तुझ्यासाठी वेळ काढला.

मांजराचं एवढं काय मनावर घेतेस? दादाने लाडावून ठेवलं तिला. लहानपणीही त्याला तेच वेड होतं. ताटाशेजारी मांजर घेऊन बसायचा आणि आई ओरडायची, “काहून रे पोट्ट्या, तुले माणसं कमी पडून राहिली का?” तेव्हा मांजराला दूध मिळायचं आणि दादाला बोलणी.

माझं ऐकशील तर तिचे लाड बंद कर. भाकरी-दूध घाल आणि दूर राहा. तिला दादाचा हात हवा आहे, तो आता मिळायचा नाही. तुझा हात लागला की तिला तेच आठवत असेल. गेल्या दिवाळीत आले होते तेव्हा पाहिलं होतं ना मी. दादा खुर्चीच्या दांडीवर बोटं आपटायचा आणि कुठून तरी बाईसाहेब धावत यायच्या. मला आवाज ऐकू येत नव्हता, पण बोटं दिसायची. मग तो हनुवटीखाली खाजवायचा, आणि ही डोळे मिटून बसायची. जशी काय राणी.

तू जेवणाची आबाळ करू नकोस. एकटीसाठी काय करायचं म्हणून नुसता भात खाऊन राहशील, मी ओळखते तुला.

मशीन कानात घातलं की शिट्टी वाजते, म्हणून काढून ठेवलं आहे. लवकर लिही.

तुझी
गोदा


रायपूर
१ ऑक्टोबर २०२४

ती. गोदाताईंना सप्रेम नमस्कार.

दांडीवर बोटं आपटण्याचं तुम्ही लिहिलंत आणि हसू आलं. उभ्या संसारात मी त्या टकटकीवरून यांच्याशी भांडले. तरुणपणी तारबाबू होते, तारयंत्र गेलं तरी बोटं थांबली नाहीत. ताटावर, खाटेवर, माझ्या डब्यांच्या झाकणांवर. मी म्हणायची, “आता कोणाले तार करून राहिले?” हे म्हणायचे, “तुलेच. तुले समजत नाही तर मी काय करू?”

असो. तुम्ही दूर राहा म्हणालात, पण ते मला जमलं नाही. वाचनालयात मांजरांवरचं एक हिंदी पुस्तक सापडलं. ग्रंथपाल म्हणाले, “काकू, हे तर कोणीच नेत नाही.” म्हटलं, ज्याला चावते तोच नेणार.

पुष्कळ कळलं त्यातून. मांजर पोट दाखवतं ते ‘इथे हात फिरव’ म्हणून नाही. मला तुझा भरवसा वाटतो, एवढंच त्याला म्हणायचं असतं. आपण हात घातला की तो भरवसा मोडतो. आणि अंगभर हात फिरवून घेणं त्याला फार वेळ सोसत नाही. आधी छान वाटतं, मग तेच नकोसं होतं. तसं ते सांगतंही. शेपटीचं टोक हलायला लागतं, कान मागे पडतात, पाठीच्या कातडीला लहर येते. आपलं लक्ष नसतं. मग सांगायला दातच उरतात. मला वाटायचं, इतका वेळ घुरघुरत होती आणि एकाएकी फिरली. ती एकाएकी फिरत नव्हती, मीच वाचत नव्हते.

वाचता वाचता मला हे आठवले. मी कधी जवळ जाऊन बसले, काही जिव्हाळ्याचं बोलू लागले, की थोड्या वेळाने हे उठून नळ तपासायला जायचे, नाहीतर घड्याळाला चावी द्यायला. मी मनात धरायची की यांना माझा कंटाळा आला. आता वाटतं, कंटाळा नसेल. तेवढं पुरत असेल. विचारायला हवं होतं.

आता मी गार्डबाईच्या फक्त गालांना आणि हनुवटीला हात लावते, शेपटी हलली की थांबते. मांडीवर आता चावत नाही. पण खुर्चीतलं चावणं तसंच आहे. तिथे शेपटीही हलत नाही, कानही पडत नाहीत. हात लागला की लगेच दात. त्याचं उत्तर पुस्तकात नाही. म्हणजे ती खुर्ची यांची आहे, आणि तिथे मी नको, असंच ना?

तुमची उत्तरं इतक्या लवकर येतात. एवढ्या गजबजाटात वेळ कसा काढता?

विनोदिनी


अमरावती
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

गं. भा. विनोदिनीवहिनीस,

सोबत आपट्याची दोन पानं ठेवली आहेत. एक तुझं, एक दादाच्या फोटोला.

मांजरावर पुस्तक वाचणारी बाई आमच्या खानदानात पहिलीच. आता ते पुस्तक मांजरालाही वाचून दाखव, म्हणजे तिलाही कळेल कसं वागायचं ते. रागावू नकोस, थट्टा करते आहे.

दादा उठून जायचा ते खरं आहे. माझं लग्न झालं तेव्हा पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि हा मांडवामागे जाऊन पेट्रोमॅक्सच्या बत्तीत हवा भरत बसला होता. दिवसाढवळ्या. मी किती दिवस राग धरला होता. तुझं पत्र वाचून तो दिवस पुन्हा आठवला.

खुर्चीचं मात्र मला पटतं. ती जागा दादाची आहे, तिथे ती कोणाला येऊ देणार नाही. समजून घे आणि सोड.

तुला इथे ये म्हटलं असतं. पण खोल्यांची जरा अडचण आहे, ईराचं दहावीचं वर्ष आहे. ऋताला विचारून बघेन कधीतरी.

गोदा


रायपूर
६ नोव्हेंबर २०२४

ती. गोदाताई,

अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. उजवा हात बांधलेला आहे, डाव्याने लिहिते आहे.

दिवाळीला निरंजनला सुट्टी मिळाली नाही. मी पणत्या लावल्या. चकल्या केल्या त्या बाबारावांकडे दिल्या. भाऊबीजेच्या दुपारी ती खुर्चीत झोपली होती. बाहेर फटाके वाजत होते. मला वाटलं, बिचारी घाबरली असेल. म्हणून मागून जाऊन हळूच पाठीवर हात ठेवला. अगदी हळूच. तिने मनगटाला असा चावा घेतला की दात हाडाला लागले. मग स्वतःच पलंगाखाली जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

हात सुजला, ताप आला. इंजेक्शनं झाली. पिंकीने निरंजनला सांगितलं, तो फोनवर ओरडला, “आई, तू एकटी असतेस, काही झालं तर? दे ना ती कोणाला!” पिंकीचे एक ओळखीचे आहेत, भैय्यालाल म्हणून, सदर बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. मागच्या गोदामात उंदरांनी उच्छाद मांडला आहे. ते येऊन पाहून गेले. “भाभीजी, बिल्ली तो तगड़ी है. गोदाम में मज़े से रहेगी.” मी म्हटलं, समोर केवढा रस्ता आहे, गाड्या किती. ते म्हणाले, “अरे, बिल्ली है, देख के चलती है. आदमी थोड़े ही है.”

लग्नसराईचा माल उतरवून झाला की रविवारी, २४ तारखेला, ते टोपली घेऊन येतील.

मी हो म्हटलं, ताई.

चावल्याचं दुखणं थांबेल. पण तिने माझ्याकडून जे मागितलं असेल ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, हे राहील. तुम्हाला वाटेल मांजरासाठी एवढं काय लिहिते. दुसऱ्या कोणाला लिहू?

विनोदिनी


अमरावती
१४ नोव्हेंबर २०२४

विनोदिनीवहिनीस,

हाताची काळजी घे. सूज असेपर्यंत पाण्यात घालू नकोस.

मांजर देते आहेस ते बरं केलंस. म्हातारपणी सगळेच तिरसट होतात, मांजर काय नि माणूस काय. माझंच सांगते. परवा मी खिडकीशी पेपर वाचत बसले होते. ऋता मागून चहा घेऊन आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी इतकी दचकले की तिचा हात झटकून टाकला. चहा तिच्या साडीवर सांडला. ती काहीतरी बोलली, ओठ हलले, पण शब्द कळले नाहीत. चेहरा मात्र कळला. आता ती मला चहा समोरच्या स्टुलावर ठेवून जाते. खांद्याला हात लावत नाही.

मी रागाने नव्हतं केलं गं. तिला कसं सांगू? कोणी येतं आहे हेच मला कळत नाही. खोली रिकामी असते आणि एकदम अंगावर हात पडतो. त्या घटकेला तो हात सुनेचा आहे की कोणाचा, हे कळायला वेळच मिळत नाही. जीव घाबरा होतो, हात आपोआप उठतो. नंतर वाईट मलाच वाटतं.

जाऊ दे. तुझं दुखणं काय आणि मी काय सांगत बसले. २४ तारखेला ती गेली की दोन दिवस घर ओकंबोकं वाटेल, मग सवय होईल. सवय सगळ्याची होते.

गोदा


रायपूर
२५ नोव्हेंबर २०२४

गोदाताई,

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. दारातच उभी राहून वाचलं. चहा सांडल्याच्या जागी आले आणि पुन्हा वाचलं. ‘कोणी येतं आहे हेच मला कळत नाही.’ ताई, ते वाक्य तुमचं होतं, पण मला गार्डबाई दिसली.

मी चपला काढून खुर्चीपाशी गेले. ती जागी होती, डोळे उघडे होते. मी आवाज न करता तिच्या डोळ्यांसमोरून हात नेला. इकडून तिकडे. पापणी हलली नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात पाट उभा केला आणि वाटी वाजवली. ती उतरून नेहमीसारखी सरळ चालत आली आणि पाटावर जाऊन आपटली.

शनिवारी पिंकीला घेऊन समता कॉलनीतल्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी धरून पाहिलं. म्हणाले, “आंटीजी, इनको दिखाई नहीं देता. उमर का असर है. काफ़ी समय से नहीं दिखता होगा.” मी म्हटलं, शक्यच नाही, घरभर फिरते, उडी मारून खुर्चीत चढते. ते म्हणाले, “घर में आपने कुछ हटाया है क्या?”

काही नाही हलवलं, ताई. हे गेल्यापासून खुर्ची तिथेच, काठी तिथेच, चपलांची जोडीसुद्धा तिथेच. मी ते माझ्यासाठी ठेवलं होतं. तिला वाट सापडत होती ती त्यामुळे. आणि म्हणूनच मला काही कळलं नाही.

आता उलगडलं. यांची बोटं आधी वाजायची, हात नंतर यायचा. माझं काय होतं, तेही सांगते. पण आधी रविवारचं सांगते.

भैय्यालाल टोपली घेऊन आले. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की नाही देत, हिला दिसत नाही, तुमच्या रस्त्यावर एक दिवस टिकणार नाही. ते चकितच झाले. “भाभीजी, अंधी बिल्ली का आप क्या करोगी? चूहा तक नहीं पकड़ेगी.” मी म्हटलं, “भैया, मेरे घर में चूहे हैं ही नहीं. उसे करना क्या है?” हसले, रिकामी टोपली घेऊन गेले. निरंजनलाही सांगितलं. तो म्हणाला, “बाबांना माहीत होतं का गं?” मला नाही माहीत. माहीत असेल तर आम्हाला न सांगता तिची सोय करत होते. माहीत नसेल तर बोटांच्या सवयीने आपोआप झालं. दोन्हीत हेच आहेत.

आता माझं. मी दांडीवर टकटक करून पाहिली. पण विसरते, ताई. सवय नाही ना, हात आधी पुढे जातो. बोलून जवळ जावं, तर या घरात बोलणं तुटलं आहे. तोंड उघडते आणि आवाज निघेपर्यंत हात पोचलेला असतो. मग पूर्वी ती मला का नव्हती चावत? आठवत बसले. पूर्वी मला काही आठवणीने करावं लागत नव्हतं. हात हलला की बांगड्या वाजायच्या. पोळ्या लाटताना, केस विंचरताना, दिवसभर. तिला माझा हात दिसण्याआधी ऐकू यायचा.

दहाव्या दिवशी तुम्ही त्या काढल्यात. साबण लावून, एकेक करून, एकही फुटू दिली नाहीत. ते मी विसरले नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही. रीत होती, मीही मानली होती, हातही मीच पुढे केला होता. पण तुम्ही काढल्या, म्हणून तुम्हालाच विचारते. पुन्हा घालू का? लोकांसाठी नाही. नटण्यासाठी तर नाहीच. तुम्ही नको म्हणालात तर दुसरं काही शोधेन.

उत्तराची वाट बघते.

विनोदिनी


रायपूर
२८ डिसेंबर २०२४

गोदाताई,

महिना झाला. लगेच उत्तर देणाऱ्या तुम्ही, म्हणजे रागावलात. यशोधनला फोन करून विचारलं. तो म्हणाला, आई बरी आहे. तेवढंच.

मी दोन आठवडे थांबले. त्यात ती आणखी एकदा चावली, आणि चावल्यावर माझ्या हाताचा वास घेतला, आणि मग चाटत बसली. मी आहे हे तिला नंतर कळलं. ते बघवलं नाही मला. मी उठून गोल बाजारात गेले.

बांगड्यांच्या गल्लीत माझ्याच वयाची एक बाई दुकानात बसली होती. मी काचेच्या मागितल्या. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग हसून विचारलं, “किसके लिए, दीदी? बहू के लिए?”

माझ्या तोंडून निघालं, “बिल्ली के लिए.”

ती बघतच राहिली. शेजारची गिऱ्हाईकं वळली. मग ती तेवढ्याच गंभीरपणे म्हणाली, “हव, ठीक है. नाप क्या है बिल्ली का?”

मी माझा हात पुढे केला.

तिने माझा पंजा दाबून पाहिला, हिरव्या बाजूला सारल्या आणि जांभळाच्या रंगाच्या काढल्या. चढवताना म्हणाली, “ढीला छोड़ो, दीदी, हाथ ढीला छोड़ो. भूल गईं क्या?” विसरलेच होते.

घरी आले. कुलूप काढताना त्या वाजल्या. गार्डबाई खुर्चीत होती. मान वर केली, कान माझ्याकडे वळवले, आणि ताई, खुर्चीतून उतरून आली. धावत नाही, यांच्यासाठी यायची तशी नाही. सावकाश. माझ्या पायाशी येऊन उभी राहिली. मी वाकले, हात हलवला, थांबले. तिने स्वतः हनुवटी पुढे केली.

शेपटी हलायच्या आत मी हात काढला. तेवढं पुरतं, हे आता मला माहीत आहे.

बाबारावांच्या घरी कोणी काही बोललं नाही. पिंकी म्हणाली, “आंटी, अब पता चलता है आप घर में हो.” भिंतीपलीकडून तिला ऐकू जातं म्हणे. इतके महिने तिला वाटायचं घर बंद आहे.

तुम्हाला विचारलं आणि उत्तराच्या आत केलं, हे माझं चुकलं असेल. राग आला असेल तर चार शब्द ओरडा. पण लिहा. तुम्ही लिहीत नाही तेव्हा मलाही कोणी येतं आहे की नाही ते कळत नाही.

विनोदिनी


अमरावती
७ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

रागावले नव्हते. रोज कागद घेऊन बसायची. ‘घाल’ म्हणायला मी कोण, आणि ‘नको’ म्हणायला तरी मी कोण, यातच कागद फाटायचे. माझ्या वेळी साबण नव्हता. कोणी हळूही काढल्या नाहीत. म्हणून तुझ्या वेळी मी मुद्दाम साबण मागितला होता. मला वाटलं होतं, तेवढं केलं म्हणजे झालं.

तू घातल्यास, बरं केलंस. आता काढू नकोस. कोणी विचारलं तर नणंदेला विचार म्हणावं.

तू विचारलं होतंस, गजबजाटात वेळ कसा काढता. तेव्हा उत्तर दिलं नाही. गजबजाट आहे, पण तो मला ऐकू येत नाही, वहिनी. सगळ्यांचे ओठ हलत असतात. पूर्वी विचारायची, काय म्हणाला, काय झालं. “काही नाही आई, सहजच,” असं म्हणतात. आता विचारत नाही. तुझं पत्र येतं त्या दिवशी कोणीतरी माझ्याशी बोललेलं असतं. म्हणून उत्तर लगेच जातं.

संक्रांतीच्या तिळासाठी परवा स्वयंपाकघरात गेले. ऋता ओट्याशी होती, पाठमोरी. मी मागे उभी राहिले. तिचं होऊ दे म्हणून थांबले. ती वळली आणि मला पाहून अशी दचकली की हातातला डबा खाली पडला. सगळे तीळ फरशीवर सांडले. ती काय म्हणाली ते या वेळी मला ओठांवरून कळलं. “आई, आवाज तरी करत जा!”

मग आम्ही दोघी खाली बसून तीळ गोळा करत होतो. मी तिला तुझ्या मांजराची गोष्ट सांगितली. सगळी, पहिल्यापासून. तिने हातातले तीळ तसेच धरून ऐकली. शेवटी उठताना ती आधी माझ्यासमोर आली, मी बघते आहे याची खात्री केली, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

गोल बाजारातल्या त्या बाईकडे पुन्हा जाशील का? माझं माप पूर्वी अडीच होतं, आता हात वाळले आहेत, सव्वादोन घे. रंग तुला आवडेल तो. फक्त चांगल्या वाजणाऱ्या बघ. मला त्या ऐकू यायच्या नाहीत. घरातल्यांना येतील.

तुझी
गोदा